आई घरी आहे, असं घड्याळ म्हणालं

आईला विसरण्याचा आजार आहे हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली, आणि ते घड्याळ मागवायला दोन मिनिटं. तिच्या मनगटावर घड्याळ, माझ्या मोबाईलच्या नकाशावर ठिपका. हिरवा असला की सगळं ठीक. माझं ऑफिस शहराबाहेर, नवा रायपूरमध्ये, घर रायपूर शहरात, चौबे कॉलनीत. आईला सांभाळणाऱ्या बाई दुपारी दोनला जायच्या, मी साडेसहाला पोचायची. मधले साडेचार तास मी ठिपक्याच्या भरवशावर सोडून दिले होते. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत दोन माराव्याशा वाटतात.

चैत्र संपून वैशाख लागला होता. डांबर चपलेला चिकटेल असं ऊन. साडेतीनच्या सुमाराला शेजारच्या दीदींचा फोन आला. "आपका दरवाजा खुला पड़ा है. आंटीजी दिख नहीं रहीं."

मी मोबाईल बघितला. ठिपका हिरवा, खाली लिहिलेलं, 'घरी, आत्ता'. मी म्हटलं, "घर में ही हैं, बाथरूम में देखिए."

त्यांनी बाथरूम बघितलं, गच्ची बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं. दुसऱ्या फोनवर त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि मी चक्क त्यांच्यावर चिडले. नीट बघा, म्हटलं, ती घरातच आहे. एक बाई स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगत होती आणि मी शहराबाहेर एसीत बसून तिला खोटं पाडत होते. अशी चाळीस मिनिटं गेली.

तिसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, "टेबल पर थाली में हल्दी-कुमकुम सजाकर रखा है." मी खुर्चीतून उठलेच. सकाळी आई म्हणाली होती, "बायका येतीन आज. खणं आणले काय वं तू?" मी हो हो म्हणत चप्पल घालून सटकले होते. बाबा गेल्यापासून आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू बंद आहे. त्याआधी ती दरवर्षी पंडरीच्या ठोक कापड बाजारातून खणांचा गठ्ठा आणायची, आणि तेही पायी. रिक्षा म्हणजे तिच्या लेखी आळशीपणा.

ऑफिसपाशी बस हवी तेव्हा कधीच नसते. ऑफिसातल्या एका बाईंनी आपली गाडी काढली. ते रुंद, रिकामे रस्ते संपता संपेनात. शहर लागल्यावर मी काचेला नाक लावून फुटपाथ बघत होते, कोणी पडलेलं दिसतंय का म्हणून. पांढरं पोतं दिसलं तरी मी गाडी थांबवायला लावायची. म्हातारं माणूस या उन्हात किती वेळ तग धरतं, हा एकच विचार डोक्यात गरगरत होता. इतकी भीती मला बाबांच्या वेळीही वाटली नव्हती. तेव्हा निदान ते कुठे आहेत हे माहीत होतं.

पंडरीतल्या चौथ्या दुकानात ती सापडली. कूलरसमोर गादीवर मांडी घालून बसलेली, पुढ्यात निवडून ठेवलेले खण. पायात चपला नव्हत्या, तळव्यांना फोड आले होते. दुकानदार म्हणाला, "माताजी बोल रही थीं, बेटी आएगी. हमने बिठा लिया." आई माझ्याकडे बघून वैतागली, "किती उशीर वं! मी कवाची बसून राहिली."

मी तिला तिथेच, गिऱ्हाइकांच्या देखत, मिठी मारून रडले. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. मनगटावरचं घड्याळ बंद पडलेलं होतं. मोबाईलवर मात्र ती अजून घरी होती.

घड्याळाच्या कंपनीला मी तीन आठवडे लिहीत राहिले. दर वेळी तेच गोड उत्तर यायचं, ते माणसाने लिहिलेलं नाही हे दुसऱ्या ओळीतच कळायचं. शेवटी एका माणसाचा फोन आला. घड्याळ चार्ज केलं होतं का, हे त्याने आधी विचारलं. नव्हतं. ती चूक माझी, मी कबूल केली. पण बंद घड्याळाचा ठिपका हिरवा कसा? त्याने मी न वाचता मान्य केलेल्या अटींतली एक ओळ वाचून दाखवली. मग जरा आवाज खाली आणून खरं सांगितलं. संपर्क तुटला की आम्ही शेवटची जागाच दाखवत राहतो, मॅडम. लाल ठिपका दिसला की लोक घाबरतात, घड्याळ परत करतात.

हे कोणी ठरवलं, मी विचारलं. ते त्यालाही माहीत नव्हतं. वरून आलंय, एवढंच तो म्हणाला. ग्राहकांनी उगाच घाबरू नये म्हणून.

मी म्हटलं, भैया, मला घाबरायचं होतं. ती चाळीस मिनिटं मला घाबरायचं होतं.