पाचपेक्षा कमी

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझी मैत्रीण सायली मेडिकलला आयर्लंडला गेली. मी इकडे अमेरिकेत, नोव्हायमध्ये कॉलेज अर्धवट सोडलं. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि तिने मला ब्लॉक केलं. तेव्हापासून तिच्या त्या खेडवळ काउंटीतला कोरोनाचा आकडा रोज दुपारी एकला बघायचा, एवढंच हातात उरलंय.

दिवसाचे पेशंट अगदीच थोडे असले तर नेमका आकडा देत नाहीत. पेशंट ओळखू येऊ नयेत म्हणून नुसतं 'पाचपेक्षा कमी' लिहितात. आज तेच आलं. मी दोन घरं सोडून राहणाऱ्या तिच्या आईकडे धावलो आणि ड्राइव्हवेमधूनच ओरडलो, "काकू, पाचपेक्षा कमी! टेन्शन संपलं!"

काकूंनी काचेचं दार उघडलंच नाही. आतूनच म्हणाल्या, "अरे, त्यातलीच एक आपली सायली आहे. काल फोन आला होता."

मी भडकलो. "मग मला का नाही सांगितलं?"

"तिने नको म्हटलं होतं, बाळा."

ती बरी झाली की नाही, हे त्या आकड्यात कधीच दिसणार नाही. सांगा यार, जिने ब्लॉक केलंय तिला 'कशी आहेस' कुठून विचारायचं?