समुद्राची पार

भंडाऱ्याहून आंधळगावची एस.टी. सुटली तेव्हा पिशवीत हातोडा, होकायंत्र आणि बायकोनं कोंबलेले लाडू होते. ऐंशी साल अजून उजाडायचं होतं. कोकणातल्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवतो. आमचा सह्याद्री थरावर थर निजलेला. इथं रोवणी (भातलावणी) उरकलेल्या शेतांपलीकडच्या टेकाडावर पाहतो तो काय, थर चक्क उभे! मधूनच पांढरा संगमरवर. मी हरखूनच गेलो.

मुक्काम सोनाबाईंकडे. गावतलावात मासेमारी करणारं कुटुंब. झिंग्यांचा रस्सा असा झाला होता की माझी जीभ सैल सुटली.

"मावशी, इथं एके काळी समुद्र होता. पृथ्वीच्या पोटातल्या आगीनं जमीन ताणली, फाटली, फटीत पाणी शिरलं."

त्या वाढता वाढता थांबल्या. "म्हंजे पार (तलावाचा बांध) फुटली?"

"अगदी तसंच! आणि खालची आग विझलीय कुठं?"

सकाळी तलावावर गेलो, तर सोनाबाई आणि त्यांचे यजमान महादेवभाऊ यांची जुंपलेली. भंडाऱ्याहून आणलेलं मासोळीचं बी, म्हणजे इवली पिल्लं, हंड्यांत तडफडत होतं. वर्षाची भाकर तीच. सोनाबाई हंड्यांवर हात ठेवून बसलेल्या.

"ऊन चढून राहिलं वो, मरून जाईन ना सारं!" महादेवभाऊ कळवळले.

"जमीन फाटून राहिली म्हंते मास्तर. पार फुटली तं? बी कायले सोडू?"

आली का पंचाईत!

"मावशी, फाटली ती फार फार पूर्वी. मग दोन्ही काठ एकमेकांवर रेटले गेले आणि आगीनंच भाजून सांधले. वीट भाजून पक्की होते ना, तशी. टेकाडावरचा तो संगमरवर त्याच भाजणीतला. आणि जिथं आजही फाटते, तिथं वर्षाला नख वाढतं तेवढीच."

त्यांनी आपलं नख पाहिलं. "एवढुशी? अन् मले रातभर झोपू नाही देल्लं! पैले काहून नाही सांगतलं?"

हसत त्यांनी हंडा पाण्यात कलता केला. पिल्लं सुळकन पसरली. मला इतकं हायसं वाटलं की मीही दुसऱ्या हंड्याला हात लावला आणि घसरून धोतरासकट चिखलात बसलो. महादेवभाऊ पोट धरून हसले.

कोकणात परतून वर्गात उभा राहिलो, तेव्हा धड्याचा क्रम बदलला. आता जमीन किती सावकाश फाटते ते आधी सांगतो, आग मागाहून. ऐकणाऱ्याला आजच काहीतरी पाण्यात सोडायचं असतं.