ओल्या खडूने लिहिलेली उत्तरं

माझं अक्षर वाईट आहे. शुद्धलेखनाचं तर विचारूच नका, ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे चौथीतच मागे राहून गेलं. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर वाचणाऱ्याने माफ करावं. मुलीच्या कॉलेजच्या वहीची मागची कोरी पानं आहेत, त्यावर दुपारी कामावरून आल्यावर लिहिते. माझी मराठी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. इंग्रजीतली ए, बी, सी, डी ही चार मात्र मी सुबक काढते. ती कशी सुधारली तेच लिहायला बसले आहे.

नामपूरजवळच्या एका खेड्यात मी चौथीपर्यंत शिकले. वडील बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचे. पाचवीची शाळा लांब होती, म्हणून मला कांदा निवडायला बसवलं. शाळेतल्या बाई आईला म्हणाल्या होत्या, "ही पोर वर्गात आहे की नाही ते हजेरी घेतली तरच कळतं." आईला ती तारीफ वाटली. मलाही वाटली.

लग्न होऊन नाशकात आले, अंबडकडे, एका खोलीत. माझे मालक कारखान्यात होते. मुलगी आठवीत असताना ते वारले, तेव्हापासून मी चार घरी पोळ्या करायचे. मुलगी अभ्यास करायची आणि मला शिकवायची. इंग्रजी अक्षरं, आकडे, आणि सही. बँकेत पहिल्यांदा सही केली तेव्हा ती मॅनेजरच्या टेबलाशी उभी राहून सगळ्यांकडे बघत होती, जणू तिचाच निकाल लागला होता.

मग ते कोरोनाच्या बंदचे दिवस आले. चारही घरं सुटली. नंतर एकाच घरी परत बोलावलं, गंगापूर रोडला, चौथ्या मजल्यावर. तिथल्या बाईंना मी वहिनी म्हणायचे. साहेब बहुतेक बाहेरगावी. मुलगा एकच, कॉलेजात, दोन विषय राहिलेला. साहेबांचा फोन आला की वहिनी बाल्कनीत जाऊन हळू बोलायच्या, आणि आत येताना त्यांचे डोळे लाल असायचे.

कॉलेजं बंदच होती. परीक्षा घरी बसून, कॉम्प्युटरवर द्यायची होती. चार पर्यायांतला एक निवडायचा. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून पहारा असायचा, आवाजही ऐकला जायचा. हे मला आधी माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मुलाच्या पाठीमागच्या कपाटात, पुस्तकांच्या फटीत, वहिनींनी एक मोबाईल उभा करून ठेवला. त्यातून कॉम्प्युटरवरचा प्रश्न कोणा शिकवणीच्या सरांना त्यांच्या घरी दिसायचा. सर दुसऱ्या फोनवर उत्तर सांगायचे. ते कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या मागे उभं राहून दाखवायचं, असा बेत होता. वहिनींनी सराव करून पाहिला. कागद फडफडला. आणि घाबरल्या की वहिनींना खोकला यायचा.

त्या स्वयंपाकघरात आल्या. मी कणीक मळत होते.

"मावशी, तुम्हाला ए बी सी डी येतं ना? तुमची मुलगी शिकवते म्हणाला होतात."

"येतं थोडं."

"मग माझं एक काम करा. फोन कानाला लावायचा, सर म्हणतील सतरा बी, तर सतरा बी लिहून नुसतं धरायचं. तुम्ही बोलत नाही, खोकत नाही. घरात आहात की नाही ते मलासुद्धा कळत नाही. तुमच्यासारखं कोणी नाही याला."

मी म्हटलं, "हे चालतं का, वहिनी?"

"सगळेच करतात. आणि तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही फक्त धरायचं."

मुलगा मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "मम्मी, स्पेलिंग तरी बरोबर येईल ना त्यांचं?" वहिनी म्हणाल्या, "एका अक्षराचं काय स्पेलिंग असतं?" दोघं हसले. मीही हसले.

कागद नको म्हणून पाटी मीच सुचवली. हे लिहायला लाज वाटते, पण कोणी मला विचारलं नव्हतं, मीच सुचवली. मुलाची लहानपणची पाटी माळ्यावर होती. कोरड्या खडूचा कुरकुर आवाज येतो, म्हणून खडू पाण्यात बुडवून घ्यायचा, हेही मीच सांगितलं. ओला खडू पाटीवर फिरवला की आधी काही दिसत नाही. दहा आकडे मोजायचे, मग अक्षर वाळून पांढरं वर येतं. शाळेत बाईंना आवाज चालायचा नाही, तेव्हा आम्ही असंच लिहायचो.

पहिल्या पेपरला दोन तास उभी होते. कानात वायर, वरून पदर. लिहायचं, वाळेपर्यंत धरायचं, त्याने डोळे हलकेच वर केले की ओल्या फडक्याने पुसायचं. माझा एकही आकडा चुकला नाही. संपल्यावर वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही शिकायला पाहिजे होतं." कितीतरी वर्षांनी मला कोणी असं म्हटलं. घरी जाताना मी खूश होते. खोटं कशाला लिहू, खूप खूश होते.

एका पेपरचे पाचशे. पेपर सहा, म्हणजे तीन हजार, ते वहिनींनी त्याच दिवशी हातावर ठेवले. माझ्या मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात होती, तीही अशीच घरून, आणि तिच्या मोबाईलचा पुढचा कॅमेरा गेलेला होता. माझ्याकडे साठवलेले थोडे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एक वापरलेला मोबाईल घेतला. ती तो ओढणीच्या टोकाने पुसत घरी आली.

त्यानंतर वहिनींच्या मुलाचा दुसरा पेपर झाला. त्या दिवशी घरी आले तर मुलगी मोबाईलवर परीक्षेचे नियम वाचत बसली होती. मी त्यात काही घोळ घालू नये म्हणून तिने मलाही वाचून दाखवले. खोलीत दुसरं कोणी नको. आवाज नको. नजर पडद्यावरून हलवायची नाही. आधी सगळी खोली कॅमेऱ्याला फिरवून दाखवायची. आणि शेवटी एका चौकटीत खूण करायची, की मी कोणाची मदत घेणार नाही आणि कोणाला करणार नाही.

"करणाऱ्यालाही धरतात?" मी विचारलं.

"मग? तोही तेवढाच चोर."

"आणि त्याला माहीतच नसलं तर?"

"आई, माहीत नसायला तो काय आंधळा आहे?" ती हसत म्हणाली आणि पुढचा नियम वाचू लागली.

मी भाकरी थापत होते. थापत राहिले. मोबाईल घेऊन झाला होता. वहिनींना नाही कसं म्हणायचं, ते शब्द मी जिना चढताना रोज जुळवायचे आणि वर गेल्यावर विसरायचे. उरलेल्या चार पेपरांना मी उभी राहिले. आता कळत होतं तरी उभी राहिले. पहिले दोन पेपर अजाणतेपणी झाले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पुढच्या चारांना मला तेही सांगता येत नाही. शेवटच्या पेपरला माझी अक्षरं सगळ्यात सुंदर आली होती.

महिन्याने मुलीची परीक्षा लागली. आमची एकच खोली. तिने भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर उतरवलं. वडिलांचा फोटोही उतरवला. म्हणाली, "फोटोतला चेहरासुद्धा कॅमेरा दुसरा माणूस म्हणून धरतो म्हणे." दोन्ही माझ्या साडीत गुंडाळून पलंगाखाली ठेवले. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ती बसली आणि मी दार ओढून बाहेर पायरीवर राखण करत बसले. नळावर भांडणाऱ्या बायकांना हातानेच गप्प केलं.

तिसऱ्या पेपरला भंगारवाल्याचा टेम्पो आला, भोंगा लावून. मी धावत जाऊन त्याला परत पाठवला. आले, आणि वाटलं, पोर दचकली तर नसेल? मोबाईल पडला तर नसेल? तिच्या पाठीमागे खिडकी होती. मी फक्त एकदा टाचा उंचावून डोकावले. ती खाली मान घालून नीट बसली होती. मी लगेच वाकले.

निकाल आला तेव्हा तिच्या नावापुढे गुण नव्हते. राखून ठेवला, असं लिहिलं होतं. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. पालकांना घेऊन कॉलेजात हजर राहावं, नाहीतर सगळी परीक्षा रद्द, म्हणजे वर्ष गेलं. त्या घरी सहा पेपर मी कॅमेऱ्यामागे तीन हातांवर उभी होते, तेव्हा मी कोणाला दिसले नाही.

त्या दिवसापासून ती जेवायला बसायची आणि ताटात बोट फिरवत राहायची. मला एका शब्दाने बोलली नाही. "तू मुद्दाम थोडीच केलंस," एवढंच.

कॉलेजात एका खोलीत दोन सर आणि एक मॅडम बसले होते. कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. मुलीच्या खांद्यामागे खिडकी, आणि खिडकीत टिकलीएवढं माझं तोंड.

"ह्या तुम्हीच का?"

मी मान हलवली.

"काय सांगत होतात मुलीला?"

मुलगीच म्हणाली, "सर, काही नाही सांगितलं. ती फक्त बघत होती. चौथी शिकलीय ती."

मॅडम चांगल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका, मावशी. तुम्हाला ए बी सी डी येतं का?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. हे तिनेच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "नाही."

मोठे सर खुर्चीत मागे रेलले. "घ्या. ह्या हिला उत्तरं सांगणार?" दुसरे हसले. "सोडा हो, लिहून टाका, पालक निरक्षर." कागद लिहिला गेला. मग एकाने शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. पेन दिलंच नाही. मी पॅडवर अंगठा दाबला आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे उठवला.

निकाल त्याच आठवड्यात सुटला. पहिल्या वर्गात आली. पण अंगठा दिला त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघताना तिने विचारलं, "अंगठा का दिलास?"

"त्यांना खरं वाटावं म्हणून."

"आपलं खरंच होतं, आई. खऱ्याला खोटं कशाला लागतं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. रस्त्यावर, उभ्या उभ्या. पाटी, खडू, सहा पेपर, तीन हजार. इतकं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तिने अडवलं नाही. मोबाईल हातात होता, तो तिने पर्समध्ये टाकला, जणू तो तापला होता.

घरी आल्यावर म्हणाली, "ह्याच मोबाईलवर मी ती खूण केली होती. कोणाची मदत घेणार नाही म्हणून." मी पाय धरायचेच बाकी ठेवले. ती बाजूला सरकली. "त्यांचे पैसे परत दे. मी नोकरीला लागेन तेव्हा माझ्यातले नाही. तुझ्यातले."

दुसऱ्या दिवशी वहिनींना म्हटलं, "माझ्या पगारातून दर महिन्याला थोडे कापत जा."

"कशाचे? उचल कुठे घेतलीत तुम्ही?"

"पाटीचे."

त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "कोणाला बोललात?"

"मुलीला."

मग म्हणाल्या, "सरळ सांगा ना मावशी. अजून किती पाहिजेत?"

दुसऱ्या दिवशी वॉचमनने खालीच थांबवलं. "वर जाऊ नका, मावशी. दुसरी बाई लावली त्यांनी." त्या महिन्यात भरलेल्या दिवसांचे पैसे त्यांनी पाकिटात घालून त्याच्याजवळ ठेवले होते. पाकीट हिशेबापेक्षा जड होतं. जास्तीचे काढून मी तिथेच वॉचमनला परत दिले.

पुढे दुसरी कामं लागायला वेळ गेला. जमेल तसे दोनशे, कधी तीनशे, वॉचमनकडे देऊन येत होते. पहिल्या वेळी त्याने परत आणले. "मॅडम म्हणतात, आमचं तुमच्याकडे काही येणं नाही." मी म्हटलं, "माझं देणं आहे." नंतर त्याने परत आणले नाहीत. कुठल्या वेळी किती दिले, ते ह्याच वहीच्या शेवटच्या पानावर आहे. मधे काही महिने काहीच देता आलं नाही.

मुलगी आता एका ऑफिसात हिशेब लिहिते. पहिल्या पगारातून तिने दुसरा फोन घेतला. जुना ट्रंकेत आहे, कोणाला विकू म्हणत नाही. मला काही कमी पडू देत नाही. दवाखान्याला नेते, औषध विचारते. फक्त ऑफिसात काय झालं ते आधी पोळी लाटता लाटता सांगायची, ते आता सांगत नाही. वडिलांचा फोटो परत खिळ्यावर लावला तेव्हा तो तिरका लागला. दोघींना दिसतो, कोणी सरळ केला नाही. बँकेत गेलं की मी सही करते, तेव्हा ती मोबाईल बघत असते.

मागच्या सोमवारी शेवटचे पाचशे घेऊन गेले. फाटकाशी गाडीतून वहिनीच उतरत होत्या. केस पिकलेत. मी नमस्कार केला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"पुण्यात. चांगली नोकरी आहे." मग म्हणाल्या, "फोन करतो कधीमधी."

मी नोट पुढे केली. त्यांनी पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मग एक हात सोडवला आणि घेतली.

"मोजून घ्या. आधीचे वॉचमनदादांनी दिलेत ना?"

"दिलेत." एकच नोट, पण त्यांनी ती उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. "झाले, मावशी. तीन हजार पूर्ण झाले."