चांदणीच्या पोटासाठी अंधेरी ते बोरिवली, पायी

अंधेरीहून बोरिवलीला सहसा कोणी चालत जात नाही. आम्ही गेलो, कारण आमच्याबरोबर चांदणी होती आणि तिला चालण्याची गरज होती.

चांदणी म्हणजे माझ्या मामाची वरातीची पांढरी घोडी. आमचा तबेला अंधेरीतल्या मरोळला. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे घोडी नुसती खुंट्याला उभी. पण मामाने लग्नसराईतला खुराक तसाच चालू ठेवला होता. भिजवलेले चणे, गूळ, वर कणकेचे गोळे. प्रेमच ते, पण चांदणीचं पोट सारखं धरू लागलं. मान वळवून ती स्वतःच्या कुशीकडे बघत राहायची. डॉक्टरांनी तेल पाजलं आणि सांगितलं, चणे बंद, गवत द्या, चालवा. मामाने त्यातलं तेल तेवढं मानलं. दिवाळीनंतर लग्नं सुरू होईपर्यंत ही सुधारली नाही तर विकणार, असंही म्हणाला. म्हणताना बोटं तिच्या आयाळीत फिरत होती.

शाळा मी आठवीत सोडली ती या तबेल्यासाठीच. चांदणी शिंगरू होती तेव्हापासून मी तिला बघतोय. म्हणून मीच सुचवलं की तिला बोरिवलीला मावशीकडे नेऊ, तिच्या घरामागे डोंगरापर्यंत गवतच गवत आहे.

"अरे मेल्या, घोडी आसा ती, बकरी नाय," मामा म्हणाला. पण पहाटे चप्पल घालून तोच आधी तयार होता.

गणपतीचे दिवस होते. मरोळहून आरेचा रस्ता धरला. पायी जाणाऱ्यांनी हाच धरावा, सावली भरपूर आणि हॉर्न कमी. टोलनाक्यावरच्या शिपायाने दरांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला. ट्रक होता, मोटार होती, घोडी नव्हती. बैलगाडीचा दर लावू का, असं त्याने विचारलं. गाडी कुठे दिसते तुला, असं मामाने विचारलं. शिपायाने हसून हात हलवला.

दोन्ही बाजूंना गवत वाऱ्यावर डुलत होतं. चांदणी लगाम ओढायची, पण मी मूठभरच खाऊ देत होतो. सुक्यावरून एकदम हिरव्यावर गेलं की पोटात वारा धरतो, याची मला धास्ती. थोडं चाललो की थांबून तिच्या कुशीला कान लावायचो. निरोगी घोड्याचं पोट गुडगुडतं. तिचं गप्प होतं, आणि आदल्या संध्याकाळपासून लीदही नव्हती.

सायकलवरच्या एका दूधवाल्याने पाय टेकला. "काय रे, रेडिओ लागतो काय त्यात?"

गोरेगावला वडापाव आणि चहा झाला. थोड्या पैशांत पोट भरतं, आणि घोडीला पाण्याची बादली मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. तेवढ्यात चांदणी मामाच्या खिशाला नाक लावू लागली. आत चणे निघाले. मी हात पुढे केला. मामाने ते माझ्या हातात ओतले आणि हॉटेलवाल्याकडे बघत राहिला.

कांदिवलीला एका बैठ्या घरासमोर आम्हाला एका आजींनी अडवलं. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाची वरात चांदणीवरूनच निघाली होती. घरात गणपती, आणि ही दारात आलेली. आजींनी तिला कुंकू लावलं, ओवाळलं आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीची वाटी पुढे केली. डाळीवर गूळ. मामाचा चेहरा उजळला. मी मध्ये उभा राहिलो.

"आजी, डाळ नको. तिचं पोट बिघडलंय."

"शुभाचा घास आहे रे. रिकाम्या तोंडाने पाठवू होय तिला?"

ओट्यावर नातसून दूर्वा निवडत बसली होती. ताज्या, ओल्या. मी म्हटलं, त्या द्या.

"गणपतीच्या?" आजींनी एकदा आत बघितलं. "दे गं एक जुडी. त्याचंही पोट मोठंच आहे, समजून घेईल तो."

चांदणीने दूर्वा सावकाश चावल्या. मग शेपूट वर केली आणि बरोबर रांगोळीवर लीद टाकली.

मी खाली वाकून बघितलं. गोळे ओलसर, बांधेसूद, अगदी हवे तसे. मी रडायच्या बेतात होतो. मामाने डोक्यावरची टोपी काढली. नातसुनेला हसू आवरेना.

"पावला म्हणायचा," आजी म्हणाल्या. "ती उचलून जास्वंदीला घाल गं."

दूर्वांनी इतक्या लवकर काही होत नाही, ते चालण्याने झालं असणार. पण आजींना मी तसं सांगितलं नाही.

संध्याकाळी मावशीकडे पोचलो. तिथले दिवस सोपे होते. सकाळी सुकं गवत, मग रोज थोडं जास्त हिरवं, स्वच्छ पाणी आणि डोंगराच्या पायथ्याशी फेरी. एके सकाळी कुशीला कान लावला तर नळाला पाणी येताना पाइपात होतो तसा आवाज. मी मामाला हाक मारली. त्याने कान लावला तो काढीचना.

दिवाळीनंतरच्या पहिल्या वरातीत चांदणी बँडच्या पुढे मान ताठ ठेवून चालली. विकण्याचं नाव आता तबेल्यात निघत नाही. वरातीतल्या बायका डाळ घेऊन आल्या की मामाच गवताची पेंढी पुढे करतो आणि त्यांना पोटाबद्दल सांगत बसतो.

फक्त चणे भिजवायची सवय त्याला सुटलेली नाही. ते आता तो स्वतःच खातो. मग रात्रभर कुशीला हात धरून बसतो, आणि सकाळी मी त्याला आरेपर्यंत चालवून आणतो.