शेवटच्या पानावरचं अक्षर

वहिनी मंगळवारी सकाळी सव्वादहाला गेल्या. दादाचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, वर्गात होतो. दुपारच्या गाडीनं रहिमतपूरला उतरलो आणि तिथून गावी आलो. संध्याकाळी त्यांना पोहोचवून आम्ही घरी परतलो.

मी सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. लग्न केलं नाही. सत्तावीस वर्षं दर शनिवारी गावी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं, असा माझा क्रम. निघताना वहिनी डबा द्यायच्या. तो मंगळवारपर्यंत पुरायचा. दादा त्या काळात बहुतेक फौजेत होता, नंतर पेन्शनवर येऊन शेती बघू लागला. वहिनींचं माहेर जतकडचं. शिक्षण नववीपर्यंत. त्या वाचतात हे मला माहीत होतं. बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजीबरोबर वाचनालयाचं एखादं पुस्तक असायचं. काय वाचतात हे मी कधी विचारलं नाही. विरंगुळा म्हणून वाचत असतील, एवढंच मी मनात ठरवून टाकलं होतं.

बाजारपेठेतल्या त्या वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीवर मी होतो. कोणती पुस्तकं घ्यायची, कोणती नाही, याच्या याद्या माझ्या अक्षरात सूचनाफलकावर लागायच्या. प्रेमकथा आणि रहस्यकथा मी शक्यतो गाळायचो. ग्रंथपाल बाई वाचकांच्या आग्रहाखातर काही घेत, आणि मी तिकडे काणाडोळा करायचो. त्यात आपण उदारपणा दाखवतो आहोत असं मला वाटायचं.

लॉकडाऊननंतर वाचनालय पुन्हा उघडलं तेव्हा नव्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मला पेन्सिलीतले अभिप्राय दिसू लागले. आपल्याकडच्या वाचनालयांत ही खोड जुनी आहे. कुणी ‘छान’ लिहितं, कुणी ‘पैसे वाया’, कुणी आधीच्या वाचकाशी भांडतं. हे मात्र निराळं होतं. अक्षर बारीक, आणि ओळीतल्या सगळ्या शब्दांवर मिळून एकच शिरोरेषा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी रेघ ओढून मग खाली अक्षरं काढण्याची ही रीत मोडी लिहिणाऱ्यांची. म्हणून मी अनुमान काढलं की हा कुणी वडिलांकडून मोडी शिकलेला निवृत्त तलाठी किंवा कारकून असावा. या अनुमानाचा मला अभिमान होता. वर्गात मुलांनाही एकदा सांगितलं.

एका प्रेमकथेवर त्यानं लिहिलं होतं : ‘मुलगा तिला तीनदा स्टँडवर ताटकळत ठेवतो. तिन्ही वेळा तीच त्याला विचारते, दमलास का. अशा माणसाशी लग्न होतं, प्रेम होत नाही. तरी शेवटी रडू आलं. का ते माहीत नाही.’

म्हातारपणी रडू लवकर येतं, असं मी म्हटलं आणि हसलो. पण ती कादंबरी, जी मी पहिल्या दोन प्रकरणांनंतर ठेवून दिली होती, ती पुन्हा घरी नेली. स्टँडवरचे तिन्ही प्रसंग काढून वाचले. अभिप्राय बरोबर होता. लेखिकेला ती मुलगी समंजस दाखवायची होती, आणि प्रत्यक्षात ती सवयीनं बोलत होती. हे मला दिसलं नसतं.

एका रहस्यकादंबरीवर होतं : ‘खुनी साठाव्या पानावर कळला. घरात माणूस मेलं आहे, सगळ्यांच्या चपला दारात कशाही पडल्या आहेत आणि याच्या एकट्याच्या जोडून ठेवलेल्या. लेखकानं मुद्दाम लिहिलं की चुकून, समजत नाही. भीती मात्र वाटली. कडी दोनदा बघितली.’

ही कादंबरी समितीत मी तीस पानांवरून निकालात काढली होती. आता पुढं वाचली. खुनी तोच निघाला.

त्यानंतर मी एक गोष्ट करू लागलो. शनिवारी वाचनालयात गेलो की नवीन पुस्तक उलटं धरून आधी शेवटचं पान बघायचं. ते अक्षर असलं तर बरं वाटायचं. इतक्या वर्षांत पुस्तकांविषयी माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. महाविद्यालयातले सहकारी नवीन कादंबरीचं नाव काढत नाहीत, काढलं तर पुरस्काराच्या संदर्भात. मी मात्र त्या माणसाला कधी दाद दिली नाही. ‘सहमत’ एवढा एक शब्द लिहायला पेन्सिल खिशात होती.

मग ती मोठी कादंबरी आली. कृष्णाकाठच्या बागायतदार घराण्याच्या चार पिढ्या, चारशेच्या वर पानं. मला ती फार आवडली. मी तिच्यावर जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला, त्यात ‘समग्र जीवनदर्शन’ हे शब्द होते. वाचनालयात ती मीच घ्यायला लावली. महिन्यानं शेवटच्या पानावर अभिप्राय आला :

‘भाषा चांगली आहे. जमिनीचं भांडण खरं वाटतं. चार पिढ्या जेवल्या, पण स्वयंपाक कुणी केला ते चारशे पानांत सापडलं नाही. बायका रडतात आणि दारात उभ्या राहतात. लेखकाला घरी कोण वाढतं?’

मी तिथंच, कपाटापाशी उभं राहून खाली लिहिलं : ‘ज्यांना कादंबरीत चूल शोधायची असेल त्यांनी पाककृतींची पुस्तकं वाचावीत. साहित्याचा प्रांत वेगळा आहे.’

हे वाक्य जमलं असं मला वाटलं. सांगलीला जाताना गाडीत दोनदा आठवलं. मांडीवर वहिनींचा डबा होता.

पुढच्या शनिवारी उत्तर आलं असेल म्हणून मी पुस्तक काढलं. नव्हतं. त्यानंतर कुठल्याच नव्या पुस्तकात ते अक्षर दिसलं नाही. सहा महिन्यांनी मी धरून चाललो की म्हातारा गेला असावा. मनातल्या मनात हळहळलोही.

ते अक्षर दिसेनासं झालं त्याच सुमारास वहिनींनी पुस्तक आणणं बंद केलं होतं. दादानं विचारलं तर म्हणाल्या, डोळ्यांना दिसत नाही. या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. मीच पुढाकार घेऊन त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नंबर होता तेवढाच आहे, डोळे उत्तम आहेत. वहिनी हसल्या. म्हणाल्या, मग वयाचं असंल.

परतीच्या गाडीला उशीर होता. मिरज स्टेशनावर बाकावर बसलो होतो. वहिनी रुळांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “भावजी, एक इचारू का?”

मी विचारा म्हटलं.

“पुस्तकाबद्दल मत मांडायचं तर किती शिकावं लागतं?”

प्रश्न मला फार आवडला. मी त्यांना सांगितलं की नुसतं आवडलं, नाही आवडलं, हे मत नव्हे. परंपरा माहीत हवी, समीक्षेची परिभाषा हवी, आधीचं बरंच वाचलेलं हवं. निदान बी.ए. तरी मराठी घेऊन व्हायला हवं, आणि खरं तर तेही पुरत नाही. मी वीसेक मिनिटं बोललो असेन. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“म्हंजे लय शिकावं लागतं,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेल्या श्रावणाआधी वहिनी गेल्या.

तेराव्याच्या दिवशी सकाळी आचारी आला. किती माणसांना किती तांदूळ, किती डाळ, हा हिशेब गावात सगळे वहिनींनाच विचारायचे. दादा म्हणाला, तिची वही फळीवर आहे, माझा चष्मा सापडत नाही, तू वाचून दाखव. मी वही उघडली. शंभर माणसांची आमटी. आणि वर एकच रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आचारी समोर उभा होता. मी वाचून दाखवलं. तूरडाळ, चिंच, गूळ, मीठ. आवाज नीट निघत होता. सत्तावीस वर्षं ज्यांच्या हातचं जेवलो त्यांचं अक्षर त्यांचं म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नंतर दादाला सहज म्हणून विचारलं, तर त्यानं सांगितलं की वहिनींच्या शाळेत कोरे कागद मिळायचे, गुरुजी आधी रेघा मारून घ्यायचे, ती सवय राहिली. मोडीचा काही संबंध नव्हता.

यानंतर मी जे केलं ते सांगायला मला जड जातं. मी आधी दादाजवळ बसलो नाही. रडलोही नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या वेळेला खिशात खोडरबर घालून गेलो. ती कादंबरी काढली, मागच्या टेबलाशी बसलो आणि माझ्या ओळींवर रबर टेकवला. मनात हेच होतं की कुणाला कळायच्या आत हे जायला हवं.

ग्रंथपाल बाई कधी मागं येऊन उभ्या राहिल्या मला समजलं नाही.

“खोडून काय होणार, सर?” त्या म्हणाल्या. “त्यांनी वाचलंय ते.”

मी विचारलं, माझं आहे हे त्यांना माहीत होतं का. बाई खुर्ची ओढून बसल्या. आपण आता कुणाची बाजू घ्यायची नाही अशा आवाजात त्यांनी सांगितलं. वहिनींनी ते त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, कपाटापाशी उभ्या उभ्या वाचलं. पुस्तक मध्ये कुणी नेलं होतं का, असं विचारलं. बाई रजिस्टर काढू लागल्या, तर वहिनींनी सूचनाफलकाकडं बोट केलं. तिथं माझी यादी लागलेली होती. ‘आमच्या भावजींचंच अक्षर,’ म्हणाल्या आणि हसल्या. पुस्तक जागेवर ठेवलं. त्या दिवशी दुसरं नेलं नाही. नंतर एकदा बाजारात भेटल्या तेव्हा बाईंनी आग्रह केला, नवीन पुस्तकं आलीत, या की. तर म्हणाल्या, “मला वाटायचं, वाचलं की बोलावं. पर तसं नसतंय.”

मी रबर खिशात घातला. पहिल्या दोन शब्दांवर थोडं पुसट झालं होतं, तेवढंच.

कादंबरी घरी आणली आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचली, स्वयंपाक करणारं माणूस शोधत. पंगती आहेत, लग्नं आहेत, पाटलाच्या आजारपणातली पेज आहे. एका ठिकाणी ‘ताटं वाढली गेली’ असं आहे. चुलीपुढं कुणी बसलेलं नाही. ‘समग्र’ हा शब्द माझ्या लेखात छापून आला होता.

दादाला सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. तो अंगणात विळ्याला धार लावत होता. मी सगळं सांगितलं, माझं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यानं विळा बाजूला ठेवला.

“तिला म्हाईत हुतं, तूच लिवलंस म्हणून?”

हो म्हटलं.

“आन तरी तुझा डबा भरत हुती.”

त्यानं विळा पुन्हा हातात घेतला. म्हणाला की पुस्तकात लिहायचं नसतं, त्याला दंड असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं का. मग म्हणाला, बाकीच्यांत काय लिहिलंय ते मला वाचून दाखव, माझ्याशी ती पुस्तकाचं कधी बोलली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मी वहिनींच्या अक्षराचं एक पुस्तक घेऊन येतो. आधी कादंबरीची गोष्ट दादाला थोडक्यात सांगतो, मग शेवटचं पान वाचतो. जोडून ठेवलेल्या चपलांवर तो मोठ्यानं हसला, म्हणाला, फौजेत असती तर मिलिटरी पोलिसात घेतली असती. त्या प्रेमकथेवरचं वाचलं त्या दिवशी मात्र हसला नाही. रजेवर येताना त्याची गाडी चुकली की वहिनी साताऱ्याच्या स्टँडवर दिवस दिवस बसून असायच्या.

“ह्ये माझ्याबद्दल हाय का रं?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, कादंबरीबद्दल आहे. त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि ते पान स्वतः पुन्हा वाचलं.

समितीचा राजीनामा मी दिला आहे. साप्ताहिकाला लेख देणं थांबवलं आहे. दुरुस्तीचा म्हणून एक लेख लिहायला बसलो होतो, पण त्यात पुन्हा मीच बोलतो आहे आणि त्या ऐकताहेत असं झालं. तो फाडला.

वाचनालयात वहिनींच्या अक्षरातले अकरा अभिप्राय आहेत. मोठ्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या ओळी आहेत आणि त्याखाली माझ्या दोन आहेत. ते पुस्तक अजून वाचकांना दिलं जातं.