देवाच्या रानातली फांदी

आमच्या पाड्यामागे टेकडीच्या कुशीत देवाचं रान आहे. ना कुंपण, ना वनखात्याची पाटी, तरी तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. म्हणून तर मोठाली झाडं टिकली, आणि झाडांमुळे आतला झरा. तलासरीकडच्या उन्हाळ्यात विहिरींना तळ दिसायला लागतो, तेव्हा अख्खा पाडा त्याच झऱ्यावर जगतो.

त्या वर्षी माझ्या दिराने घोळ घातला. भाताचं रोप करायच्या जागेवर पालापाचोळा, डहाळ्या अंथरून जाळतात, त्याला आम्ही राब भाजणं म्हणतो. ते काम सकाळी, वारा पडलेला असताना उरकायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमचे दीरमहाराज अच्छाडच्या ढाब्यावरची रात्रपाळी करून आले, आधी ताणून दिली आणि ऊन चढल्यावर काडी लावली. वारा सुटला. आग बांध ओलांडून वाळल्या गवतातून सरळ देवाच्या रानाकडे निघाली. रान जळलं की झरा गेला, हे कोणाला सांगायला नको होतं.

सगळे धावले. गवताची आग हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतात. पण आजूबाजूची झाडं राबासाठी केव्हाच छाटलेली, नुसते खुंट. हिरवी फांदी होती ती फक्त देवाच्या रानात, आणि तिला हात कोण लावणार? चांगली धडधाकट माणसं हात चोळत उभी! मी कोसबाडकडची, या देवाला तशी नवी, तरी माझीही छाती होईना. खोटं कशाला बोलू, घाबरले होते.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. एरवी माझ्या भाकरीतही खोट काढणारी ही बाई! त्यांनी पदर खोचला, हात जोडले आणि करंजाची फांदी कडकन मोडली. मग काय, सगळेच तुटून पडले. कडेची झुडपं होरपळली, पण आग आत शिरली नाही. हुश्श झालं.

सासूबाईंचं मात्र देव आता आपल्या घराचं काय करील, हेच एक चाललं होतं. रानातल्या देवाची पूजा करणारे म्हातारे भगत काठी टेकत आले. पहिली फांदी आपणच मोडली, हे सासूबाईंनी आपण होऊन सांगितलं. भगत होरपळलेल्या कडेने एक फेरी मारून आले.

"बरं केलंस, बाय," ते म्हणाले. "मला नसतं जमलं. मी बघतच राहिलो असतो."

सासूबाई माझा हात घट्ट धरून रडल्या. मीही रडले. सुटलो, एवढंच मनात येत होतं.