नारू तांडेल आणि चुकलेलं पाणी

डहाणूच्या बंदरावर नारूला विचारल्याशिवाय बोट हलत नसे, असा एक काळ होता. नारूच्या मते तो काळ अजून चालूच आहे. बाकीच्यांच्या मते तो दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, संध्याकाळी सहाच्या सुमारास संपला.

नारू तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. वय एकोणसत्तर, मिशी पांढरी, आवाज असा की त्यानं शेजारच्या घरात साखर मागितली तर पलीकडच्या आळीतून वाटी यायची. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा आहे. भरतीला त्याच्यावरून बोट आत-बाहेर करते आणि ओहोटीला नेमकी त्याच्यावरच बसते. त्यामुळे चाळीस वर्षं एकच प्रश्न नारूच्या दारात येत राहिला: "नारूभाई, पाणी किती वाजता?"

नारू बोटांवर मोजायचा. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ते भरतीचे वाजले. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वर खाडीचा म्हणून अर्धा तास. त्यानंतर साधारण बारा तासांनी दुसरी भरती. हे गणित त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं, आणि ते सांगताना नारू असा चेहरा करायचा, की चंद्राला वाट दाखवायचं कामही याच घराण्याकडे असावं.

मग मे महिन्यातली ती संध्याकाळ आली. मुलाचं, धर्मेशचं, लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सासरची आठ माणसं बोट बघायला आली होती. ही मंडळी अच्छाडची. नाक्यावर ट्रकवाल्यांसाठी चहाचं दुकान चालवणारी. आजोबांनी समुद्र सोडला तेव्हापासून यांचा दर्याशी संबंध सुक्या बोंबलापुरता उरला होता. नारूनं त्यांना थाटात बोटीत बसवलं आणि दूरवर फिरवायला नेलं. धर्मेशनं मध्येच मोबाईल बघून म्हटलं, "बाबा, यात पाच वाजताची भरती दाखवते. आता मागे फिरूया ने?" नारूनं त्या मोबाईलकडे डासाकडे बघावं तसं बघितलं. "आज सप्तमी. पावणेसहाला भरती. सहाला आरामात आत जाऊ."

सहाला बोट वाळूवर बसली. ती बसली आणि हळूहळू एका कुशीवर कलली. आठ पाहुणे, त्यांत नवरीची आई, गुडघाभर चिखलातून किनाऱ्याला आले. नवरीच्या आईची एक चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. फिरायला आलेल्या लोकांनी कललेल्या बोटीसमोर फोटो काढून घेतले. कोणीतरी भजी आणली. नारू मात्र बोटीवरच ताठ उभा होता. कलत्या बोटीवर ताठ उभं राहणं अवघड असतं, पण त्यानं ते केलं आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पाणी चुकलं!"

लग्न झालं, ही नवरीची मेहेरबानी. पण त्या दिवसापासून धर्मेशनं बापाला पाण्याची वेळ विचारली नाही. त्याचं बघून बाकीच्यांनीही सोडलं. सगळे मोबाईलमध्ये बघायला लागले. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला, दोन महिने बंद असलेली बोट पहिल्यांदा पाण्यात घालायची होती. धर्मेशनं बापाला चल म्हटलं नाही. नारूनं पोट दुखतं असं सांगून दार लावून घेतलं. चाळीस वर्षांत त्या दिवशी त्याचं पोट कधी दुखलं नव्हतं, आणि त्याही दिवशी दुखत नव्हतं. रडला तो. हे फक्त हंसाला, त्याच्या बायकोला, माहीत आहे.

यंदा नारळी पौर्णिमेला आठवडा उरला होता. नारूच्या मनात एकच गोष्ट होती: बोटीवर जायचं. पण विचारायचं नाही. त्यांनी विचारायला पाहिजे.

अशा वेळी घरात इटलीचा म्हातारा आला.

त्याला आणलं रुपलनं. रुपल ही नारूची धाकटी मुलगी. कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवते आणि प्रत्येक तास आदल्या दिवशी घरी ओट्यावर मोठ्यानं म्हणून बघते. युरोपात धर्म आणि विज्ञान यांचं कसं बिनसलं, हा धडा होता. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती म्हणून हंसा डब्यांतले सुके बोंबील अंगणात ऊन दाखवायला पसरत होती. नारू काही काम नसल्याचं काम करत होता.

"गॅलिलिओ म्हणाला, पृथ्वी फिरते," रुपल भिंतीला सांगत होती. "त्यानं दुर्बिणीतून गुरूचे चंद्र बघितले. पण काही मोठमोठ्या पंडितांनी दुर्बिणीला डोळा लावायलाच नकार दिला. शेवटी धर्मपीठानं त्याच्यावर खटला चालवला. गुडघे टेकायला लावून 'माझं चुकलं' असं वदवून घेतलं. तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता."

नारूचे कान टवकारले. "किती?"

"एकोणसत्तर, बाबा."

"माझ्याच वयाचा!" नारू उठून बसला. "आणि गुडघे टेकवले? म्हाताऱ्या माणसाला?"

त्या दिवशी नारूला आयुष्यात पहिल्यांदा गुरुबंधू मिळाला. त्याला पुढे काय शिक्षा झाली ते त्यानं खोदून खोदून विचारलं. घरातून बाहेर पडायची बंदी, असं रुपलनं सांगितल्यावर त्यानं स्वतःच्या ओट्याकडे अर्थपूर्ण नजरेनं बघितलं. दर आठवड्याला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रं म्हणायची होती आणि ती त्याच्या मुलीनं, जी मठात जोगीण होती, स्वतःवर घेतली, हे ऐकून तर तो फार हलला. "शिक्षा बापाला आणि म्हणायची पोरीनं!"

"आपल्याकडे पण तेच हाय," हंसा बोंबील उलटे करत म्हणाली. "शिक्षा तुमाला झाली, भोगतो आमी."

रुपलनं आपलं कर्तव्य म्हणून सांगितलं, की गोष्ट इतकी सरळ नाही. पाद्र्यांमध्येही आकाश बघणारे जाणते लोक होते, आणि गॅलिलिओ स्वतः पक्का श्रद्धाळू होता. पण नारूला तेवढ्या बारीकसारीक गोष्टींत रस नव्हता. संध्याकाळी तो बंदरावर गेला आणि जाळी विणत बसलेल्या माणसांना त्यानं इटलीचा सगळा खटला सांगितला. त्याच्या सांगण्यात पाद्री हे मोबाईल वापरणाऱ्यांसारखे दिसायला लागले आणि म्हाताऱ्याला मिशी आली. "खऱ्या माणसाला कोणी ऐकत नाय," असा त्यानं समारोप केला. काकड्या नावाच्या त्याच्या जुन्या खलाशानं दोऱ्याची गाठ दातांनी आवळत विचारलं, "त्याची बोट पण बसलेली काय?" नारू तिथून उठला.

दुसऱ्या दिवशी धड्याचा दुसरा भाग होता. आज नारू आधीच येऊन बसला होता, पुढच्या बाकावरच्या मुलासारखा.

"पृथ्वी फिरते याचा सगळ्यांत मोठा पुरावा म्हणून गॅलिलिओनं काय दिलं, माहीत आहे?" रुपल म्हणाली. "भरती-ओहोटी."

नारूच्या अंगावर काटा आला. "तो पण पाणी सांगायचा?"

"पिण्याचं पाणी नेणाऱ्या होड्या त्यानं बघितल्या होत्या. होडी अचानक थांबली की आतलं पाणी पुढे उसळतं. वेग घेतला की मागे. तसंच पृथ्वी फिरते म्हणून समुद्र उसळतो, असं तो म्हणाला."

नारूनं घमेलं पाण्यानं भरलं, उचललं आणि अंगणात धावत सुटला. एकोणसत्तराव्या वर्षी घमेलं घेऊन धावणारा माणूस बघायला शेजारची दोन दारं उघडली. मध्येच तो करकचून थांबला. पाणी पुढे उसळलं आणि बरंचसं हंसाच्या बोंबलांवर पडलं.

"बरोबर हाय म्हाताऱ्याचं!" नारू ओरडला.

हंसा जे बोलली ते रुपलच्या धड्यात घेण्यासारखं नव्हतं.

"थांबा तरी," रुपल हसू दाबत म्हणाली. "दुसरा एक खगोलशास्त्रज्ञ सांगत होता, भरती चंद्रामुळे येते. गॅलिलिओला ते पटलं नाही. चंद्र दुरून पाणी ओढतो ही त्याला जुन्यापुराण्या लोकांची भाबडी समजूत वाटली. आणि त्याच्या हिशेबानं दिवसाला एकच भरती यायला हवी होती."

"किती?"

"एक."

नारूनं घमेलं खाली ठेवलं. मग त्याचा आवाज चढला. "एक? दिवसाला एक? अगो, येवढा शिकलेला माणूस! एखाद्या कोळ्याला विचारायचं ने! किनाऱ्यावर एक दिवस बसला असता तरी दोन दिसल्या असत्या! आणि चंद्र नाय? मग पौर्णिमेला उधाण काय त्याच्या आज्यानं आणलं?"

"लोकांनी सांगितलं होतं त्याला, दोन येतात म्हणून."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, माझा सिद्धांत बरोबर आहे. दुसरी भरती समुद्राच्या खोलीमुळे, किनाऱ्याच्या आकारामुळे येते. दोष पाण्याकडे."

"पाण्याकडे!" नारू कडाडला. "स्वतःची चूक आणि पाण्यावर..."

आणि तो तिथेच थांबला. वाक्याचा उरलेला भाग तोंडातच राहिला. रुपल वहीत बघायला लागली. हंसा ओले बोंबील पुसत होती. तिनं मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "बोला ने पुढे."

नारू घरात गेला. कासा गावच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायचं शिबिर झालं होतं, तेव्हा मिळालेला चष्मा तीन वर्षं देवाच्या फळीवर नुसता पडून होता. तांडेलानं चष्मा लावायचा म्हणजे बंदराला सांगायचं की आपल्याला दिसत नाही, म्हणून नारूनं तो कधी लावला नव्हता. कॅलेंडरवरच्या बारीक तिथ्या वाचायच्या ऐवजी तो अमावास्येपासून बोटांवर दिवस मोजायचा. आता तो चष्मा नाकावर चढवून बाहेर आला. काच धुळीनं भरली होती.

"दोन वर्षांमागचं कॅलेंडर कुठं असेल?"

हंसा उठली. बोंबलाच्या सगळ्यांत मोठ्या डब्याच्या तळाशी घातलेला कागद तिनं ओढून काढला आणि झटकून त्याच्या हातात दिला. "हे मे महिन्याचं पान. दोन वर्षं जपलंय. वास येते, पण वाचाय येते."

नारूनं वाचलं. त्यानं पान लांब धरून वाचलं, जवळ धरून वाचलं. त्या महिन्यात षष्ठी दोन दिवस होती. तिथीची वृद्धी. पहिली षष्ठी, दुसऱ्या दिवशी पुन्हा षष्ठी. नारूनं बोटांवर एकच धरली आणि दुसऱ्या दिवसाला सप्तमी म्हटलं. पाऊण तास तिथेच गेला. पाणी वेळेवर आलं होतं आणि वेळेवर गेलं होतं. मोबाईलनं सांगितलं ते बरोबर होतं.

"तुला म्हाईत होतं?" त्यानं हंसाला विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी."

"मग बोललीस का नाय?"

"तुमी दुर्बिणीला डोळा लावायला तयार होता काय?" हंसा म्हणाली. रुपलचा धडा तिनं नारूपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकला होता.

नारूला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. दोन वर्षं तो मुलावर रुसला होता, आणि मुलगा काय चुकला होता तर बापाला वेळेवर खरं सांगितलं होतं. पुढचे चार दिवस तो नीट जेवला नाही. बंदरावर गुडघे टेकायची कल्पना एकीकडे आणि बोट त्याच्याशिवाय जाण्याची कल्पना दुसरीकडे, अशा कात्रीत तो सापडला होता. "इटलीवाल्याला जबरदस्तीनं बोलायला लावलं," तो एकदा रुपलला म्हणाला, "आणि जे बरोबर होतं त्याचीच माफी मागायला लावली. जे चुकलं होतं ते तसंच राहून गेलं."

"हो," रुपल म्हणाली. "भरतीबद्दल त्यानं शेवटपर्यंत मान्य केलं नाही."

नारळी पौर्णिमेला सकाळी दहाला बंदर माणसांनी भरलं. बोटींना पताका लागल्या होत्या, बायका नटून आल्या होत्या, अच्छाडची मंडळीही आली होती आणि नवरीच्या आईनं या वेळी चपला घरीच ठेवल्या होत्या. धर्मेश बोटीवर दोर सोडवत होता. तेवढ्यात गर्दीतून नारू आला. डोळ्यांवर चष्मा, बगलेत नारळ, हातात ते बोंबलाच्या वासाचं पान. बंदरानं तांडेलाला चष्म्यात पहिल्यांदा बघितलं.

नारूनं घसा साफ केला. आवाज त्याचा होता तसाच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या वर्षी षष्ठी दोन होत्या. मी एकच मोजली. पाणी नाय चुकलं. मी चुकलो." मग नवरीच्या आईकडे वळून म्हणाला, "ताई, चपलेचं पण माझ्याच अंगावर."

त्याला कोणी गुडघे टेकायला सांगितलं नव्हतं. काकड्या काहीतरी बोलणार होता, पण हंसानं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं तोंडात तंबाखू टाकली. धर्मेश दोर तसाच हातात धरून उभा होता. मोबाईल त्याच्या दुसऱ्या हातात होता. तो त्यानं खिशात घातला.

"बाबा," तो म्हणाला, "पाणी किती वाजता?"

नारूची बोटं सवयीनं उठली. पौर्णिमा, पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, वर खाडीचा अर्धा तास. उत्तर तोंडावर आलं होतं. पण त्यानं बोटं मिटली आणि चष्म्याची काच सदऱ्याला पुसली.

"तुझा मोबाईल काय सांगते?"

"पावणेबारा."

"माझं पण तेच येते. पण आपण काठी टाकून खोली बघू. मग निघू."

धर्मेशनं बोटीतला लांब बांबू उचलला आणि बापाकडे पुढे केला. बांबू धरायला नारूला बोटीवर चढावं लागलं.